लहान मुलांसोबत घरी ईस्टर: फ्लॅटमध्ये काय काय जमतं?

मरोळची_आई
यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे. मुलं तीन आणि सहा वर्षांची. घर टू बीएचके, चौथा मजला, अंगण नाही. रविवारी दुपारी बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं येतील, त्यांतल्या दोघांच्या घरी अंडं चालत नाही. अंडी रंगवणं, मार्झिपान (काजूची साच्यातली मिठाई) आणि अंडी शोधण्याचा खेळ एवढं ठरवलंय. पण सगळा सण चॉकलेटवर संपू नये, येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट मुलांपर्यंत पोहोचावी असं मनापासून वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला क्रूसाबद्दल किती सांगायचं? आणि या उकाड्यात काय टिकतं, काय नाही? प्रमाणं नीट लिहिलीत तर बरं होईल.

वसईकर_मावशी
गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तिची तयारी आठवडाभर आधी लागते.

घरात पुनरुत्थानाची बाग करा. साधारण 30 बाय 20 सेंटिमीटरचा, 5 सेंटिमीटर खोल ट्रे घ्या. अर्धी माती, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). चहाचा मातीचा कुल्हड एका टोकाला आडवा ठेवून अर्धा मातीत पुरा, वर मातीचा उंचवटा करा. ही कबर. तोंडावर बसेल असा चपटा दगड मुलांनाच शोधायला लावा. मागे काटक्या दोऱ्याने बांधून तीन क्रूस.

हिरवळीसाठी हळीव पेरा, किराणा दुकानात मिळतात. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, 29 मार्चला, मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर ओल्या मातीवर नुसते भुरभुरवायचे, वर माती घालायची नाही. हळीव भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतात, म्हणून नंतर हात लावू नका. पहिले दोन दिवस ओलं फडकं वर अलगद झाकून सावलीत ठेवा, कोंब दिसले की फडकं काढा. पाणी स्प्रेनेच, सकाळ-संध्याकाळ. ईस्टरपर्यंत तीन-चार सेंटिमीटरचा हिरवा गालिचा होतो. बिघडतं ते दोन कारणांनी: तांब्याने पाणी ओतलं की बिया एका कोपऱ्यात वाहून जातात आणि बुरशी धरते, किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं की दुपारच्या उन्हात कोंब करपतात.

शुक्रवारी दुपारी मुलांच्या हाताने पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली छोटी काडी आत ठेवून दगड लावा. शनिवारी बागेला कोणी हात लावायचा नाही. मुलांना वाट बघायला लावणं फार महत्त्वाचं आहे. शनिवारी रात्री ती झोपल्यावर दगड बाजूला करा, काडी काढा, फडकं घडी करून आत ठेवा. योहानाच्या शुभवर्तमानात, 20व्या अध्यायात, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता असा उल्लेख आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून ती घडी सुटत नाही.

तीन वर्षांच्या मुलाला "येशू झोपला होता" असं मात्र सांगू नका. त्यातून झोपेचीच भीती बसू शकते. "येशू मरण पावला, सगळ्यांना फार वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी तो उठला" एवढं सरळ सांगा. खिळे, रक्त, फटके यांचं वर्णन या वयाला नको.

पवित्र गुरुवारी रात्री सात चर्चना भेट देण्याची मुंबईची पद्धत मुलांसोबत दोन-तीन चर्चवर आणा. वांद्र्यात सेंट अँड्र्यू, सेंट पीटर आणि माउंट कार्मेल चालत होतात. शनिवार रात्रीचा जागरविधी लांब असतो आणि गर्दीत पेटत्या मेणबत्त्या असतात. नायलॉनचा फ्रॉक आणि मोकळे केस यांच्याजवळ त्या नकोतच. लहानग्यांना रविवारी सकाळच्या मिस्साला न्या.

रंगवलेलं_अंडं
अंडी शनिवारी संध्याकाळी रंगवा, त्याआधी नको. दुकानातून पांढरी अंडी आणा. गावठी अंड्यांच्या तपकिरी कवचावर फिके रंग उठत नाहीत.

फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. थंडगार अंडं एकदम तापलं की आतली हवा झपकन फुगते आणि कवच तडकतं. पातेल्यात एका थरात मांडा, वर दोन बोटं गार पाणी, आणि उकळी आल्यावर मंद आचेवर 10-11 मिनिटं. मग गार पाण्यात. पुसून व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने एकदा फिरवून घ्या. बोटांचं तेल लागलेल्या जागी रंग बसत नाही आणि ठिपके राहतात.

रंग स्वयंपाकघरातलेच:

लालसर तपकिरी: 8-10 कांद्यांची सालं एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा. सालं आजपासूनच साठवा.
पिवळा: दोन कप पाण्यात दोन चमचे हळद, दहा मिनिटं उकळून मलमलच्या फडक्यातून गाळा. न गाळता वापरलं तर कवचावर कण चिकटतात.
निळा: अर्धा जांभळा कोबी चिरून तीन कप पाण्यात अर्धा तास. पाणी जांभळं दिसतं, अंडं मात्र निळं होतं, कारण कोबीतलं रंगद्रव्य कवचातल्या चुन्याशी भेटलं की निळ्याकडे झुकतं. मुलांना हे बघायला फार आवडतं. गडद निळ्यासाठी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं.

कोबीचं पाणी दोन कपांच्या आसपास उरतं. प्रत्येक रंग गार झाल्यावर दर दोन कपांना एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला. आम्लाने कवच किंचित खरबरीत होतं आणि रंग धरतो. जास्त घातलंत तर बुडबुडे येऊन कवच खवल्यासारखं सुटतं. बीटवर भरवसा ठेवू नका, ओलं असताना गुलाबी दिसतं, वाळल्यावर मातकट होतं. होळीचा उरलेला रंग तर चुकूनही नको, अंडं खायचं आहे.

नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं किंवा मेथीचं ओलं पान अंड्यावर सपाट बसवा, वरून जुन्या मलमलचा तुकडा घट्ट ओढून मागे दोऱ्याने बांधा आणि कांद्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. सोडल्यावर पानाचा शिरांसकट पांढरा ठसा राहतो. कापड सैल असेल तर पानाखाली रंग शिरतो आणि नुसता डाग मिळतो, म्हणून बांधायचं काम मोठ्याने करायचं, पान निवडायचं मुलाने.

रंगवलेली अंडी लगेच फ्रिजमध्ये. बाहेर 32 अंशांच्या वर तापमान असेल तर उकडलेलं अंडं एका तासापेक्षा जास्त बाहेर नको. तडा गेलेलं त्याच दिवशी खा, बाकीची आठवड्यात.

काजूचा_साचा
मार्झिपान अंड्याशिवाय करा, म्हणजे सगळ्या मुलांना चालेल. कच्चा पांढरा बलक घालून मळायची पद्धत आहे, पण इतक्या लहान मुलांसाठी ती टाळावी.

काजू 250 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, पाणी 80 मिलिलिटर, गुलाबपाणी दोन छोटे चमचे. साधारण 20 ग्रॅमची वीसेक अंडी होतात.

काजू फ्रिजमधले असतील तर आदल्या रात्री बाहेर काढा. थंड काजूवर दमट हवेतलं पाणी धरतं आणि मिक्सरमध्ये पूड न होता लगदा होतो. थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटतं, आणि तेल सुटलेलं मार्झिपान साच्यातून निघालं तरी वर तेलकट डाग पडतात. पूड चाळून घ्या.

साखर-पाण्याचा एकतारी पाक करा, पूड घाला आणि मंद गॅसवर हलवत राहा. पाच-सहा मिनिटांत गोळा कडा सोडतो. वाटाणाभर काढून फुंकून गार करा आणि बोटांत वळा: न चिकटता गोळी झाली की लगेच गॅस बंद. चिकटत असेल तर आणखी एक मिनिट. वळताना चुरा होत असेल तर जास्त आटलंय, छोटा चमचा गुलाबपाणी घालून मळा. दूध नको, त्याने लवकर खराब होतं. उरलेलं गुलाबपाणी कोमट झाल्यावर घाला, उकळत्यात वास उडून जातो.

रंग जेलचेच घ्या, टूथपिकच्या टोकाएवढा. पातळ रंगाने गोळा परत ओला होतो. अर्ध्या अंड्याचे साचे क्रॉफर्ड मार्केटमधल्या बेकिंग सामानाच्या दुकानांत मिळतात. साच्याला तूप फासू नका, चिमूटभर आयसिंग शुगर भुरभुरवून झटका. दोन अर्धे पाण्याच्या बोटाने ओलावून जोडा. पंख्याखाली तीन-चार तास वाळवा आणि हवाबंद डब्यात, मध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये. गुरुवारी केलंत तर रविवारपर्यंत उत्तम राहतं. डबा बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकण उघडू नका, नाहीतर वर पाणी सुटतं आणि रंग एकमेकांना लागतात.

मरोळची_आई
खूप आभार! मावशी, कुल्हड आणि हळीव आजच आणते. आता खेळाचं सांगा. तीन वर्षांचा आणि आठ वर्षांचे एकाच खोलीत म्हणजे मोठे दोन मिनिटांत सगळं गोळा करतील.

पोयसरचा_दादा
ताई, प्रत्येक मुलाला एक रंग द्या. पिवळा ज्याचा, त्याने फक्त पिवळी उचलायची. दुसऱ्याचं दिसलं तर गप्प राहायचं. लहानग्याची त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, अर्धी दिसतील अशी, मोठ्यांची उशीच्या अभ्र्यात, चपलांच्या रॅकमध्ये, पुस्तकांमागे. माणशी सहा पुरेत.

लपवायला उकडलेली अंडी नकोच, एखादं सोफ्यामागे राहिलं की तीन दिवसांनी वासानेच सापडतं. प्लास्टिकची उघडणारी अंडी किंवा रंगीत कागदाच्या पुड्या वापरा. खाऊ आत ठेवू नका, मुंग्या तासाभरात येतात. आत चिठ्ठी किंवा स्टिकर, खाऊ शेवटी टेबलावर. तीन वर्षांच्या मुलाच्या अंड्यात मणी, गोट्या, काजूचा अख्खा दाणा, कडक गोळी काही नको, घशात अडकतं. कुठे काय ठेवलं याची यादी मोबाइलवर लिहा. किचन, बाथरूम आणि बाल्कनीचं दार बंद. ग्रिलवर, खिडकीच्या कट्ट्यावर एकही अंडं नको, मूल चढतंच.

शेवटचं अंडं सगळ्यांचं मिळून एकच ठेवा, रिकामं, आणि ते बागेतल्या उघड्या कबरीशेजारी. रिकामं का, हे तुमच्या सहा वर्षांच्याने बाकीच्यांना सांगावं. गोष्ट तिथे आपोआप निघते.

काजू आहे म्हणून येणाऱ्या मुलांच्या घरी अ‍ॅलर्जीचं आधी विचारून घ्या. चॉकलेटची पोकळ अंडी एप्रिलच्या दुपारी हातातच मऊ होतात, ती मुलं घरी निघताना फ्रिजमधून काढून द्या.

वसईकर_मावशी
जेवणात फुगे (तळलेले गोल, मऊ पाव) करणार असाल तर: मैदा 250 ग्रॅम, एक अंडं, कोमट नारळाचं दूध 175 मिलिलिटर, साखर दोन मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा. पीठ सैल आणि चिकटच हवं. एप्रिलमध्ये तासाभरात दुप्पट होतं. जास्त ठेवलं तर आंबूस होतं आणि तेल पितं. ओल्या मुठीतून अंगठ्याशेजारून पिळून मध्यम गरम तेलात सोडा, मुलांना त्या वेळी किचनबाहेर ठेवून. अंडं न खाणाऱ्या दोघांसाठी अंड्याऐवजी 50 मिलिलिटर नारळाचं दूध वाढवा आणि त्यांचे आधी, ताज्या तेलात तळून घ्या.

आणि बाग सोमवारी टाकून देऊ नका. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), यंदा 24 मेपर्यंत चालतो. हळीव कात्रीने कापून कोशिंबिरीत घाला आणि त्याच मातीत मुलांकडून मेथी पेरून घ्या.