कर्ज आणि खिरापत
काही जण म्हणतात की महामंदीत अमेरिकेतल्या श्रीमंतांचा सरकारी मदतीलाच विरोध होता. अर्धंच खरं. विरोध होता तो दुसऱ्याला मिळणाऱ्या मदतीला! चार्ल्स डॉज बघा. बँका, रेल्वे कंपन्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळाचे हे अध्यक्ष. जून 1932मध्ये पद सोडलं आणि त्याच महिन्यात त्यांच्या शिकागोच्या बँकेला तिथूनच 9 कोटी डॉलर मंजूर. ते ‘कर्ज’. 1935नंतर डब्ल्यूपीए या बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या कामावर जाणाऱ्या मजुराची रोजी मात्र खिरापत, आणि तो स्वतः फावड्याला टेकून उभा राहणारा आळशी, विनोदांचं ठरलेलं गिऱ्हाईक. न्यूयॉर्कचा लागार्डिया विमानतळ याच ‘आळशां’नी बांधला. (रोहयोच्या मजुरांवर नाकं मुरडणारे आपल्याकडेही कमी नाहीत.)