आगळाच्या बाटलीचं लेबल बदलू का? जुनी गिऱ्हाइकं काय म्हणतील?

गुहागरची_आगळवाली

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचं घरगुती युनिट आहे. आगळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम, आमसुलं आणि थोडी फणसपोळी. सात वर्षांपूर्वी रातांबे (कोकमाची फळं) फोडायला मी आणि सासूबाई दोघीच बसायचो, आता हंगामात अकरा बायका येतात. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे गणपतीला, शिमग्याला येणारे चाकरमानी आणि त्यांचे मुंबईतले शेजारी. सासूबाईंची एक लांबडी वही आहे, त्यात नावापुढे शेरे: "मीठ कमी", "सून बाळंत, आमसुलं जास्त दे", "पैसे उशिरा, पण देतात".

आता पुण्यातली चार दुकानं माल घेतात. त्यातल्या एकाने ओळखीचा एजन्सीवाला गाठून दिला. तो म्हणतो, नाव इंग्रजी करा, पिवळं झाकण काढून काळं लावा, 'आगळ' शहरात कोणाला कळत नाही म्हणून 'कोकम कॉन्सन्ट्रेट' लिहा. वर समुद्राचं चित्र. (आमच्या परसातून समुद्र दिसतही नाही.) सगळ्याचे 85 हजार. एवढ्यात माझ्या स्टीलच्या टाक्या येतील.

पण मला खरं खुपतंय ते वेगळंच. दुकानातून बाटली कोण नेतं, मला पत्ता नसतो. 2025 ला 25 मे रोजीच मान्सून कोकणात उतरला, झाडावरचे रातांबे भिजून फुकट गेले. ऑर्डर पुरी करायची म्हणून शेजारच्या गावातून तयार आगळ आणलं आणि आमच्याच बाटल्यांत भरलं. वहीतल्या दोघींचा आठवड्याभरात फोन: "या वेळी हात कोणाचा?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानांकडून मात्र एक शब्द नाही. पुढच्या खेपेला एका दुकानाने निम्म्याच बाटल्या मागवल्या. कारण विचारलं तर "मूव्हमेंट नाही".

तर लेबल बदलू का? आणि वहीतली ही ओळख पुण्याच्या दुकानातल्या माणसापर्यंत कशी न्यायची?

देवगडचा_बागायतदार

ताई, आमच्या आंब्याचं काय झालं ते बघा. पेटीवर 'देवगड' आणि आत कर्नाटकचा आंबा, हे वर्षानुवर्षं चाललं. 2018 ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणून भेसळ लगेच थांबली नाही. शेवटी 2025 च्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या उत्पादकांच्या संस्थेने फळागणिक नंबराचं स्टिकर आणलं.

गावाचं नाव सगळ्या गावाचं असतं, त्यावर विसंबू नका. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 पासून जीआय आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करा. 2020 ला ती फी 500 वरून 10 रुपये केली, वैताग असतो तो कागदांचा. शिवाय तुमचं स्वतःचं नाव ट्रेडमार्क करून घ्या. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी 4,500 रुपये. सरबतं 32 व्या वर्गात, मुरंबे-लोणची 29 व्या. नवं नाव घेणार असाल तर ते आधी कोणाचं आहे का ते शोधा, मग छापा. माझ्या चुलतभावाने आधी दोन हजार खोके छापले. अजून माळ्यावर आहेत.

माहेर_मालवण_सासर_डोंबिवली

'कॉन्सन्ट्रेट' लिहिलंत तर मी ते सरबत समजून पाणी घालून पाहुण्यांसमोर ठेवीन, आणि खारट लागलं म्हणून तुम्हालाच शिव्या घालीन. आगळ ते आगळच. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी खाली बारीक लिहा ना, मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. माझी आजी असल्या चकचकीत बाटल्या उलटसुलट करून म्हणायची, "बाटली बरी, पण आगळ खंय?"

लेबलवाला_ठाणे

मी हेच काम करतो, म्हणून थोडं उलट बोलतो. लेबल बदला. वहीतल्या बाईला अक्षर वाचायची गरज नसते, दुकानात तीन फुटांवरून बघणाऱ्याला असते. शब्द मोठा करा, मागची जागा मोकळी ठेवा. पिवळ्या झाकणाला मात्र हात लावू नका. फळीवर बारा बाटल्या ओळीत असल्या की आधी झाकणंच दिसतात, आणि 85 हजारांत तो तुम्हाला सगळ्यांसारखं काळं देतोय.

बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवा, त्यावर व्हॉट्सॲप नंबर आणि "चव कशी वाटली?" एवढंच. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट यादीत 256 च माणसं मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तेव्हा पहिल्याच उत्तरात तेवढी विनंती करा. आणि एखादा शनिवार दुकानात स्वतः उभ्या राहा. हे मी फी न घेता सांगतोय, कारण यात मला काही मिळत नाही.

गुहागरची_आगळवाली

उशिरा लिहितेय, माफ करा. गेल्या शनिवारी सासूबाईंना घेऊन पुण्याला गेले. स्टीलच्या पातेल्यात सोलकढी, कागदी पेले, तीन तास उभ्या. एका मुलीने विचारलं, "यात बीट आहे का?" चिपळूणचे एक गृहस्थ दोन पेले प्यायले आणि म्हणाले, मागच्या वर्षी हीच बाटली नेली होती, तेव्हा बरी नव्हती, म्हणून पुन्हा घेतलीच नाही. ती 'मूव्हमेंट' ही होती. मी तिथेच सांगून टाकलं की ते आगळ आमचं नव्हतं. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं.

झाकण पिवळंच ठेवतेय. 'आगळ' मोठ्या अक्षरात. बॅच नंबराखाली आणखी एक ओळ येईल, रातांबे आमचे की बाहेरचे. दुकानदार म्हणतो, असं कोणी लिहितं का? बघू. एजन्सीवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. ट्रेडमार्कसाठी चिपळुणात एक वकील बघितलाय.

परतीच्या एसटीत सासूबाईंनी वही काढली आणि नवं पान घातलं: "पुणे. चिपळूणचे, उंच, चष्मा. नाव विचारायचं राहिलं. मीठ बरोबर."