वरून ठणठणीत दिसणाऱ्या आईसाठी बाई कशी निवडू? (मधुमेह, घरची शुश्रूषा)

रानजाई:
आई ७१ वर्षांची. २२ वर्षं शुगर, इन्सुलिन चालू, सोबत बीपी. येणारे-जाणारे म्हणतात, "काकू किती छान दिसतात!" आणि तेच आम्हाला नडलं. तिच्या तळपायांची जाणीव गेलीय हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गेल्या महिन्यात घरी बाई पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशींनी मायेने तिचे पाय गरम पाण्यात सोडले. आई निवांत बसून राहिली. संध्याकाळी दोन्ही पायांना टपोरे फोड! मावशींना बोल लावत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. आता शिकलेली सिस्टर ठेवू की मावशींनाच तयार करू? मी दिवसभर ऑफिसात असते.

जुनी_सिस्टर:
ड्रेसिंग आणि इंजेक्शनसाठी जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचे कोर्स) झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली सिस्टर दिवसातून एकदा येऊ दे. बाकी वेळ मावशी पुरतील. बाई ठरवताना एकच विचारा: "पेशंट 'मला काही होत नाही' म्हणाला, तर तुम्ही काय बघाल?" जी म्हणेल "मग बरंच की", ती नको.

आईंना बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल आहे का? शुगर उतरली की होणारी धडधड, थरथर या गोळ्यांनी झाकली जाते. घाम मात्र येतो. सकाळी उशीचा अभ्रा ओला, उगाच चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं की लगेच बोटातून शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

जुन्या मधुमेहात हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही. अचानक धाप, दरदरून घाम, एकदम गळून जाणं, याला ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका.

चाफेकळी:
ताई, पाय रोज बघायला सांगाच, बोटांच्या बेचक्यांसकट. माझ्या सासूबाई चपलेत चिंचोका घेऊन दिवसभर वावरल्या. रात्री मोजा काढायला गेलो तर मोजाच रक्ताने तळव्याला चिकटलेला. त्या म्हणतात, "अगं, हे कधी झालं?" तेव्हापासून चप्पल झटकून, आत हात फिरवूनच पायात घालतो. घरातसुद्धा अनवाणी नाही.

रानजाई:
सिस्टर, मेटोप्रोलॉलच आहे! अभ्रा ओला असायचा, मी उकाड्यावर ढकलत होते. डॉक्टरांशी बोलून रात्रीचं इन्सुलिन कमी करून घेतलं. सकाळी तासभर सिस्टर येतात, मावशी त्याच ठेवल्या. त्यांना दोनशे पानी वही दिलीय. काल त्यांनी लिहिलं होतं: "उजव्या करंगळीपाशी लाल. आजी म्हणतात दुखत नाही. म्हणून लिहिलं." उद्या ११ वाजता दाखवायला नेतेय.