गिझरसाठी टायमर कोणता घ्यावा? (आईबाबा गावी एकटे असतात)

मिरजेची_लेक:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात असते आणि आईबाबा मिरजेजवळ गावी. आई ६८ ची आहे, गिझर चालू करते आणि देवपूजा, चहा यात विसरून जाते, मागच्या आठवड्यात सकाळी साडेपाचला लावलेला गिझर दुपारी जेवायच्या वेळेला बाबांना चालूच दिसला. गिझर २५ लिटरचा आहे, वर २००० वॅट लिहिलंय. ऑनलाइन बघितलं तर साडेतीनशेपासून अडीच हजारापर्यंत टायमर दिसतायत, कुठला घ्यावा तेच कळत नाहीये. घरी वायफाय नाही आणि लाइट दिवसातून एकदा तरी जातेच. कुणी वापरत असेल तर प्लीज सांगा.

दुपारचा_चहा:
ताई, वायफायवाला स्मार्ट प्लग घ्या ना, मोबाइलवरून पुण्यातून बंद करता येईल. माझ्याकडे विप्रोचा १६ अँपिअरचा आहे, दीड वर्ष झालं, मस्त चालतोय.

मिरजेची_लेक:
दादा, वायफायच नाहीये हो तिकडे, बाबांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किती दिवस चालवणार.

वायरमन_काका_सातारा:
ताई, आधी अँपिअर बघायचे, बाकी सगळं नंतर. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे पावणेनऊ अँपिअर जवळजवळ. स्वस्तातले बरेच टायमर ६ नाहीतर १० अँपिअरचे असतात, ६ वाला गिझरला लावायचाच नाही आणि १० वालापण रोज अर्धा-अर्धा तास भरगच्च लोडवर चालवायचा म्हणजे त्याला दमच राहत नाही. १६ अँपिअर छापलेलाच घ्या आणि तो आकडा 'रेझिस्टिव्ह' म्हणजे नुसती उष्णता करणाऱ्या लोडचा आहे का तेपण वाचा, गिझरची कॉइल रेझिस्टिव्ह लोडच आहे त्यामुळे तुमचं काम होईल. आणि बारीक पिनेच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये जाड पिन बसवून देतात काही लोक ते अजिबात करू नका. मी गेल्या थंडीत एका घरी गेलो होतो, तसला अ‍ॅडॉप्टर काढला तर एक पिन तपकिरी पडलेली, प्लास्टिक वितळून सॉकेटला चिकटलेलं, आणि घरातले म्हणत होते आठवडाभर जळका वास येतोय पण कुठून ते कळेना.

कोथरूड_७७:
काकांचं बरोबर आहे. मी आधी गोल चकतीवाला घेतला होता, ज्यात कडेने ९६ पिना असतात आणि एक पिन दाबली की १५ मिनिटं. वापरायला एकदम सोपा, आईलाही लगेच जमला. पण तो आतली छोटी मोटर लाइटवर फिरवतो, लाइट गेली की चकती थांबते. आमच्याकडे गुरुवारी लाइट जायची आणि शुक्रवारी गिझर तासभर उशिरा चालू व्हायचा, आई थंड पाण्याखाली उभी! तुमच्याकडे रोज लाइट जाते म्हणजे साधा चकतीवाला नकोच, बॅटरी बॅकअप आहे असं स्पष्ट लिहिलेला असेल तरच.

मिरजेची_लेक:
हे कुणीच सांगितलं नव्हतं!! मी तोच घेणार होते. मग डिजिटल?

वायरमन_काका_सातारा:
हो डिजिटल, आत छोटी बॅटरी असते, लाइट गेली तरी घड्याळ चालू राहतं. एक प्लगमध्ये लावायचा असतो आणि एक डीबीमध्ये (घरातला मेन बोर्ड) एमसीबी म्हणजे खटकेवाल्या स्विचशेजारी पट्टीवर बसतो. मी डीबीवाला बसवतो, जीआयसी कंपनीचा. एकदा वेळ भरून ठेवली की आईंना बटणांना हात लावायची गरज नाही. पाहुणे आले तर मॅन्युअलचं बटण असतंच, ते मात्र बाबांना दाखवून ठेवा.

सोलापूर_टाकी:
माझा अनुभव पण लिहितो कारण बरेच जण हा धागा वाचून मोटरला टायमर लावतील. मी १ एचपीच्या पाण्याच्या मोटरला स्मार्ट प्लग लावला होता, ७४६ वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटलं. पण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तीन महिन्यांत प्लगमधला रिले म्हणजे आतला चालू-बंद करणारा स्विच चिकटला, मोबाइलवर 'बंद' दाखवतोय आणि मोटर चालूच, खालची टाकी रिकामी होऊन मोटर कोरडीच फिरली, सील गेलं आणि वाइंडिंग पण. मोटरला कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा स्विच, मधे घालायचा, टायमरने फक्त कॉन्टॅक्टरला चालू-बंद करायचं. आणि खरं सांगायचं तर टाकीसाठी टायमर नाहीच, लेव्हल कंट्रोलर घ्या, पाणी किती आलंय हे घड्याळाला काय कळणार.

नागपुरी_कूलर:
आमच्याकडे टायमर कूलरच्या पंपाला लावतो, फॅनला नाही. १० मिनिटं पंप चालू, १० मिनिटं बंद, यासाठी सायक्लिक टायमर म्हणून वेगळा मिळतो. वाळ्याची ताटी तेवढ्यात ओली राहते अन् खोलीत दमटपणा कमी होतो. पंप छोटा असतो म्हणून इथे मोठा टायमर लागत नाही.

कोथरूड_७७:
ताई, एक गणित. २५ लिटर पाणी २५ अंशावरून ६० पर्यंत न्यायला साधारण १ युनिट लागतं, म्हणजे २००० वॅटवर अर्धा तास. त्यानंतर थर्मोस्टॅट आपोआप बंद करतो, म्हणून टायमरने बिल फार कमी होईल असं धरू नका. खरा फायदा म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला तरी गिझर दिवसभर तापत राहणार नाही. आणि पाण्यात टाकायच्या हीटिंग रॉडला कृपया कुणी टायमर लावू नका, तो माणूस समोर असतानाच वापरायचा.

मिरजेची_लेक:
अपडेट देते. रविवारी गेले होते, गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने गिझरचा सॉकेट उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर लावलेलीच नव्हती, आत तशीच गुंडाळून ठेवलेली. किती वर्षं आई त्या गिझरच्या पाण्याने आंघोळ करतेय, माझे हातपाय गार पडले. वायर जोडली, डीबीत आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पण नव्हता तो ३० मिलीअँपिअरचा बसवला, आणि शेजारी १६ अँपिअरचा डिजिटल टायमर. वेळ पहाटे ५:१५ ते ५:४५, आई ६ ला आंघोळीला जाते म्हणजे तेव्हा गिझर बंदच असतो. वायरमन जायच्या आधी मेन स्विच पाडून पाच मिनिटं थांबलो आणि परत चालू केला, घड्याळ बरोबर होतं. काका, तुमचे मनापासून आभार, सॉकेट उघडून बघायचं तुमच्या त्या जळक्या पिनेमुळेच सुचलं.

वायरमन_काका_सातारा:
खूप बरं वाटलं ताई. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा बाबांना दाबायला सांगा, खटका पडला पाहिजे.