टीकेइंटर: फाइल निवडताना कॅन्सल दाबलं की पुढे सेव्ह होत नाही

मागवाला: नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइन बीएमपी या चित्राच्या फाइलींमध्ये असतात, त्यातले रंग बदलायला पायथॉन-टीकेइंटरमध्ये (पायथॉनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) छोटा प्रोग्राम केलाय. आमचे डिझाइन मास्तर ‘उघडा’ दाबतात, फोल्डर चाळतात आणि नको वाटलं की कॅन्सल करतात. पडद्यावर आधीची मोराची बॉर्डर तशीच असते, पण सेव्ह केलं की ‘फाइल नॉट फाउंड’. शिवाय उबुंटूच्या पीसीवर निम्म्या फाइली दिसतच नाहीत; तोच पेनड्राइव्ह विंडोजला लावला की सगळ्या हजर. मास्तर म्हणतात, “काय ओ हे, आमचा ग्राफ पेपरच बरा होता की!”

जुना_पायथॉनी: फाइल निवडायच्या खिडकीकडून आलेलं उत्तर थेट सेल्फ डॉट पाथमध्ये, म्हणजे फाइलचा पत्ता ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये टाकतोयस ना? कॅन्सल केल्यावर ती खिडकी उघडणारं आस्क-ओपन-फाइलनेम हे फंक्शन एरर देत नाही, रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) देतं. म्हणजे चित्र जुनं आणि पत्ता कोरा. उत्तर आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घे, ‘इफ नॉट’ लाव, रिकामं असेल तर तिथूनच रिटर्न. रिकाम्या स्ट्रिंगशी ‘बरोबर’ची तुलना मात्र नको. काही वेळा रिकामं टपल (यादीसारखा प्रकार) हातात येतं, ते त्यातून निसटतं.

रात्रपाळी: न दिसणाऱ्या फाइलींची नावं बघा, शेवटचं बीएमपी कॅपिटलमध्ये असणार. लिनक्सवर (उबुंटू त्यातलंच) टीके, म्हणजे टीकेइंटरच्या आतलं टूलकिट, लहान-मोठं अक्षर वेगळं धरतं. फाइलटाइप्समध्ये (कुठल्या फाइली दाखवायच्या त्या यादीत) लहान आणि कॅपिटल दोन्ही पॅटर्न द्या. खाली ‘सर्व फाइली’ पण ठेवा, नाहीतर मास्तर पुन्हा ग्राफ पेपर काढतील.

मागवाला: कॅपिटलच निघालं ओ! जुन्या स्कॅनरवरच्या फाइली आहेत त्या. दोन्ही कामं झाली. आता ‘वेगळ्या नावाने सेव्ह’ला आस्क-सेव्ह-अ‍ॅज-फाइल वापरू का?

जुना_पायथॉनी: नको. ते नाव देत नाही, फाइलच उघडून देतं, तीही लिहिण्यासाठी. जुनी फाइल निवडली तर तुझा कोड एक अक्षर लिहायच्या आत ती रिकामी झालेली असते. मधेच वीज गेली तर डिझाइन गेली. शिवाय ते मजकुरासाठी उघडतं, तुझं तर चित्र आहे. आस्क-सेव्ह-अ‍ॅज-फाइलनेम घे, ते फक्त पत्ता देतं. ‘आहे त्यावर लिहू का’ हे खिडकीच विचारते. डिफॉल्ट-एक्स्टेन्शन (नावामागे आपोआप लागणारं) बीएमपी दे, मास्तर काही ते टाइप करणार नाहीत. कॅन्सलची तपासणी इथेही हवीच.