केमोनंतरच्या नसांच्या वेदना आणि भ्रम न घडवणारी सायकेडेलिक संयुगे: जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे

माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध देण्यात आले होते. कर्करोग आटोक्यात आला, पण केमो संपून बराच काळ लोटला तरी तिच्या तळपायांची आग आणि बोटांतील मुंग्या थांबलेल्या नाहीत. रात्री पायांना पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, आणि दिवसा मात्र चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. मधुमेह नाही, बी१२ व्यवस्थित आहे. नसांच्या वेदनेवरील प्रीगॅबालिन या औषधाने गुंगी तेवढी येते. (नातेवाईक ‘नसांची ताकद’ म्हणून बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवतात, बी६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास त्यानेच नसांना इजा होते, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट होते.)

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वेदनेवर शिफारस करता येईल असे औषध एकच, ड्युलोक्सेटिन. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३१ रुग्णांच्या चाचणीत, शून्य ते दहाच्या मापावर, त्याने वेदना सरासरी १.०६ ने कमी झाली, आणि औषध नसलेल्या गोळीने ०.३४ ने. त्यातही कर्करोग उलटू नये म्हणून आईला टॅमॉक्सिफेन चालू आहे; तिची हाडे विरळ झाल्यामुळे, हाडांना अपायकारक ठरणाऱ्या पर्यायी गोळ्यांऐवजी हेच औषध निवडले आहे. शरीरात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार करणाऱ्या सीवायपी२डी६ या विकराला ड्युलोक्सेटिन काही अंशी अडवते, म्हणून तिचे डॉक्टर ते द्यायला कचरतात.

अशा वेळी कॅलिफोर्नियातील माझ्या मामेभावाने तेथील डेव्हिस विद्यापीठातील डेव्हिड ओल्सन यांच्या संशोधनाची माहिती पाठवली. सायकेडेलिक, म्हणजे भ्रम घडवणाऱ्या, द्रव्यांपासून भ्रम न घडवणारी संयुगे तयार करण्याचे हे काम आहे. मध्य आफ्रिकेतील इबोगा या झुडपापासून मिळणारे आयबोगेन भ्रम घडवते आणि हृदयाची लय बिघडवते. त्याची रचना बदलून ओल्सन यांच्या गटाने टॅबर्नँथॅलॉग हे संयुग तयार केले आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये त्याविषयी लिहिले. भ्रमाची खूण मानली जाणारी डोक्याची झटकी या संयुगाने उंदरांमध्ये दिसली नाही, तरीही मेंदूतील चेतापेशींच्या फांद्या वाढल्या. याच कुळातील संयुगांनी केमोच्या औषधांमुळे होणारी वेदना उंदरांमध्ये कमी केल्याचेही पुढे प्रसिद्ध झाले आहे. माणसांपुरते बोलायचे, तर एलएसडीचा भ्रम न घडवणारा भाऊबंद, म्हणजे २-ब्रोमो-एलएसडी, जर्मनीत हॅनोव्हर येथे क्लस्टर डोकेदुखीच्या पाच रुग्णांना देऊन पाहिल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण ते दुखणे वेगळे आणि रुग्ण फक्त पाच.

माझी मुख्य अडचण अशी आहे. पॅक्लिटॅक्सेलची इजा मेंदूत होत नाही. ते चेतातंतूंच्या आतील सूक्ष्मनलिका जखडून ठेवते, त्यामुळे तंतूंमधून होणारी ने-आण विस्कळीत होते आणि सर्वांत लांब तंतू, म्हणजे पायांचे, आधी दुबळे होतात. मग मेंदूच्या बाह्यपटलात नव्या जोडण्या करणाऱ्या संयुगाने तळपायाचे दुखणे का कमी व्हावे? तंतू दुरुस्त होतात, की वेदनेचा मेंदूत पक्का झालेला ठसा तेवढा पुसट होतो? दुसरे उत्तर खरे असेल तर आग कमी होईल, पण बधिरपणा आणि तोल जाण्याचा धोका तसाच राहील, आणि माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. गुंता वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे, ही संयुगे पेशींवरील ज्या ५-एचटी२ए ग्राहीला (सेरोटोनिन या रसायनाचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतात, तोच ग्राही व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या दुसऱ्या औषधामुळे होणाऱ्या वेदनेत मज्जारज्जूच्या पातळीवर वेदना वाढवणाऱ्यांच्या बाजूने असल्याचे २००८ मधील प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. एकच ग्राही एका ठिकाणी वेदना वाढवतो आणि दुसऱ्या ठिकाणी कमी करतो, असे समजायचे का? औषधनिर्माणशास्त्र किंवा चेताविज्ञान शिकलेल्या कोणी हे उलगडून सांगितल्यास मी आभारी राहीन.

दुसरी शंका कर्करोगाबद्दल आहे. सायकेडेलिक द्रव्यांमुळे चेतापेशींची जी वाढ होते, तिच्यात पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या एमटॉर या मार्गाचा वाटा असल्याचे याच गटाने २०१८ मध्ये दाखवले होते. स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना दिले जाणारे एव्हरोलिमस मात्र नेमका हाच मार्ग रोखते. तेव्हा कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीत हा मार्ग चेतवणे कितपत सुरक्षित आहे, याचा विचार कोणी केला आहे का?

मामेभावाने उत्साहाच्या भरात इबोगाच्या सालीच्या कॅप्सूल मागवण्याचेही सुचवले होते. त्याला मी स्पष्ट नकार दिला आहे, कारण हृदयाचा धोका तर आहेच, शिवाय आयबोगेनचे विघटनही सीवायपी२डी६ याच विकराकडून होते. तेव्हा कृपया असे घरगुती प्रयोग सुचवू नयेत. त्याऐवजी केमोमुळे होणाऱ्या या वेदनेवर अशा संयुगाची माणसांवरील चाचणी कोठे नोंदली गेली असल्यास तिचा नोंदणी क्रमांक द्यावा. आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना ड्युलोक्सेटिन घेतलेल्या रुग्णांच्या डॉक्टरांनी काय तोडगा काढला, हेही कोणाला प्रत्यक्ष माहीत असल्यास कळवावे. पुढच्या तपासणीच्या वेळी ते आईच्या डॉक्टरांसमोर मांडता येईल.