गतकूळ म्हणजे जुना कूळ का? (आणि थळ, उपरी)

नमस्कार मंडळी, मला गेली चारपाच वर्षं घराण्याची वंशावळ जमवायचा नाद लागलाय, बायको म्हणते याला मेलेल्या माणसांची जास्त काळजी, तर ते असो. आमचं गाव पारनेर तालुक्यात. घरात लहानपणापासून ऐकत आलो की आपण इथले मूळचे, आपल्याच पूर्वजांनी गाव वसवलं, बाकीचे नंतर आले. आता चुलत्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक मोडी कागद सापडलाय, मिरासपत्र आहे, म्हणजे जमीन वंशपरंपरेच्या हक्काने दिल्याचा कागद, अर्धा मी स्वतः लावला, अर्धा एका जाणकारांनी लावून दिला. त्यात आमच्या मूळपुरुषाचं नाव आहे पण त्याच्याआधी 'उपरी' असं लिहिलंय. आणि जमीन दिलीय ती 'वाबळ्याचे थळ गतकूळ' अशी. गतकूळ म्हणजे आधीचा कूळ, म्हणजे वाबळे आमचे कूळ होते असं मी धरलंय. बरोबर आहे का? उपरी शब्द जरा खटकला, खरं सांगतो.

प्रतिसाद १
थळ म्हणजे अलिबागजवळचं, खताचा कारखाना आहे ते?

प्रतिसाद २
नाही हो, ते गाव. हे थळ म्हणजे शेताचा मोठा तुकडा, स्थल वरून आलेला शब्द, लग्नासाठी 'स्थळ' बघतो तेही त्याच घरातलं. देशावरच्या गावांत सगळी काळी, म्हणजे शेतजमीन, थळांमध्ये वाटलेली असायची आणि एकेका थळाला ते पहिल्यांदा ज्या घराण्याने कसलं त्याचं आडनाव असायचं. थळकरी म्हणजे मिरासदारच. गावच्या दफ्तरात थळझाडा नावाचा कागद असायचा, त्यात थळवार कुठलं घराणं, किती जमीन, कोण नांदतंय, कोण गेलंय. पुण्याचे पहिले कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन यांनी १८२१ च्या रिपोर्टात या थळकऱ्यांवर बरंच लिहिलंय. तुम्हाला घराण्यांचा शोध घ्यायचाय ना, मग थळझाडा मिळतो का बघा, वंशावळीपेक्षा कामाचा कागद आहे तो, कारण वंशावळ आपल्या घरातला माणूस लिहितो आणि थळझाड्यात शेजाऱ्याचंही येतं.

आणि गतकूळचा तुमचा अर्थ उलटा झालाय. कूळ म्हटलं की आपल्याला १९४८ चा कूळकायदा आठवतो, कसेल त्याची जमीन वगैरे, म्हणून कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. इथं कूळ म्हणजे कुळ, घराणं. गतकूळ म्हणजे ज्याचं घराणं बुडालं किंवा परागंदा झालं ती जमीन. वाबळे तुमचे कूळ नव्हते, ते तुमच्या आधीचे मालक होते.

धागाकर्ता
अरे बापरे. म्हणजे आम्ही वाबळ्यांच्या जागेवर बसलोय?

प्रतिसाद ३
बसलाय म्हणजे काही बळकावली नाही, दादा. गतकूळ जमीन पाटील आणि गावकरी मिळून नव्या माणसाला मिरासपत्र करून द्यायचे, रीतसर पैसे घेऊन. पडीक राहिली तर गावाचा सारा कोण भरणार? कागदात 'लेकराचे लेकरी' असं काही आहे का बघा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खा. मिरास हा अरबीतून आलेला शब्द, वारस आणि वारसा ज्या धातूचे त्याच धातूचा. तुकोबांनी तर पंढरीलाच मिरास म्हटलंय, म्हणजे वाडवडिलांपासूनची हक्काची जागा, कुणी उठवू शकत नाही अशी.

उपरीचं वाईट वाटून घेऊ नका. आज आपण 'उपरा' म्हणतो त्यात हिणवणं आहे, उपरी हा मात्र सरळ महसुली शब्द. मिरास नसलेला, कौलावर म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर जमीन कसणारा, बहुतेक बाहेरगावहून आलेला. मोल्सवर्थाच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तो मिरासदाराच्या उलट म्हणून आहे. त्याला इस्तावा मिळायचा, पहिल्या वर्षी सारा कमी मग दरसाल चढत जाणार. असा माणूस काही वर्षं टिकला की मिरास विकत घ्यायचा, तुमच्या आजोबांच्या आजोबांनी तेच केलेलं दिसतंय. आमचेही उपरीच होते, आमच्याकडे मात्र कागद नाही, नुसत्या गप्पा आहेत.

प्रतिसाद ४
साल काय आहे कागदावर?

धागाकर्ता
'सन खमस अशर मयातैन व अलफ'. मला वाटलं कुणाचं नाव आहे :)

प्रतिसाद ४
हाहा. शुहूर सन आहे तो, जुन्या मराठी कागदांवर अरबी आकड्यांत लिहायचे ती कालगणना. खमस पाच, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. १२१५ झाले. त्यात ५९९ मिळवा, इ.स. १८१४-१५. पण नीट बघा, अशर आहे की अशरीन? अशरीन असेल तर वीस होतात आणि साल दहाने पुढे सरकून १८२४-२५ होतं, तेव्हा पेशवाई गेलेली होती. मोडीत शेवटचा फराटा असा काही जातो की भले भले फसतात.

धागाकर्ता
भिंग लावून बघितलं, अशरच आहे, पुढे लगेच मयातैनचा म सुरू होतो.

प्रतिसाद २
मग पटतंच. १८०३-०४ चा मोठा दुष्काळ आणि त्याच्या आगेमागे होळकरांची धामधूम, तुमच्या भागातली कितीतरी घरं तेव्हा उठली. दहा वर्षं वाट बघितली असेल, वाबळे परत आले नाहीत, मग जमीन गतकूळ धरून तुमच्या माणसाला दिली असेल. एरवी मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे, येऊन मागितली तर जमीन परत द्यावी लागायची, म्हणून पाटीलही घाई करत नसत.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल चुलत्यांना फोन केला, म्हटलं वाबळे कोण माहिती आहेत का. म्हणाले गावात वाबळ्याचं एकही घर नाही, कधी नव्हतंच. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, अरे पण आपल्या विहिरीवरच्या तुकड्याला वाबळथळच म्हणतात की, आणि बांधाला शेंदूर लावलेला धोंडा आहे तो वाबळ्याचा म्हसोबा. दर आषाढात त्याला नैवेद्य आमच्याच घरातून जातो. मी लहानपणी ताट घेऊन गेलोय तिथे कितीदा, आम्हाला वाटायचं म्हसोबाचं नावच ते.